सायकल, कॅमेरा आणि भरतीची वेळ : ठाणे-नवी मुंबईतले निसर्गाचे फोटो

पाणथळ (नेरूळ)

नमस्कार मंडळी. सायकलवर फिरता फिरता फोटो काढणारे इथे बरेच जण आहेत, पण आपलं बोलणं बहुतेक वेळा कुठली सायकल नि कुठला कॅमेरा यावरच अडकतं. आपल्या भागात निसर्गाचे फोटो काढायचे तर कधी जायचं आणि कुठल्या काठाला उभं राहायचं, हे त्याहून मोठं आहे असं माझं ठाम मत आहे. म्हणून हा धागा. मी नेरूळचा, त्यामुळे खाडीबद्दल जास्त लिहीन. येऊर, खारघर, पनवेलवाल्यांनी आपापली भर घालावी.

आधी नकाशा डोळ्यापुढे आणा. ठाण्याची खाडी साधारण उत्तर-दक्षिण पसरलेली आहे. पूर्वेच्या काठावर ऐरोली, घणसोली, वाशी, नेरूळ. समोरच्या काठावर ठाणे पूर्व, मुलुंड, भांडुप. आपल्या पाठीमागे पारसिकची रांग, ठाण्याच्या पलीकडे येऊरचे डोंगर. सकाळी नवी मुंबईच्या काठावरून खाडीकडे पाहिलं की सूर्य पाठीशी असतो. पक्ष्यांवर थेट ऊन पडतं, पिसांचा रंग जसा आहे तसा उतरतो. त्याच जागी संध्याकाळी गेलात तर सूर्य समोर येतो, पाणी तांबूस दिसतं आणि पक्ष्यांच्या नुसत्या काळ्या आकृत्या मिळतात. दोन्ही प्रकारचे फोटो मला आवडतात. पण सकाळच्या फोटोची अपेक्षा घेऊन संध्याकाळी गेलं की निराशा ठरलेली.

दुसरी गोष्ट पाण्याची. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो आणि रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, त्यावर दूरवर पांगून चरत असतात. काठावरून मोठ्या लेन्सनेही ते गुलाबी ठिपकेच दिसतात. भरती चढू लागली की चिखल बुडतो, उभं राहायला जागा उरत नाही, आणि थवे उठून सीवूडच्या तळ्यांकडे, टी. एस. चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या पाणथळीकडे येतात. तेव्हा ते काठाच्या इतके जवळ असतात की मोबाइलवाल्यालाही काहीतरी हाती लागतं. ऐरोली आणि वाशी पुलांच्या मधला खाडीचा पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. सीवूडची तळी त्या हद्दीच्या बाहेर आहेत, पण पक्षी तेच आहेत. त्यांना भरतीच्या वेळी ही तळी हवीच असतात.

तिसरी गोष्ट महिना. डिसेंबर-जानेवारीत सकाळी इतका धूसरपणा असतो की समोरचा काठ दिसत नाही. दूरचं स्वच्छ दृश्य हवं असेल तर पावसाची एखादी जोरदार सर येऊन गेल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघा. हिवाळ्यातला धूसरपणा मात्र डोंगरांसाठी वापरता येतो. उगवत्या सूर्याकडे तोंड करून पारसिकची रांग घेतली तर एकामागे एक फिकट होत जाणारे थर मिळतात.

सायकल कशासाठी, तर पामबीच रोडवर गाडी कुठेही थांबवता येत नाही आणि पायी वाशी ते बेलापूर हे दहाएक किलोमीटर होत नाहीत. तिवरांच्या फटीतून बगळा दिसला की सायकल तिथेच बाजूला घेता येते. आवाज नसतो, त्यामुळे पक्षीही लगेच बिथरत नाहीत.

आता तुम्ही लिहा.


मधुरा_कोलशेत

फार छान सुरुवात. माझ्याकडे फक्त मोबाइल आहे आणि साधी गिअरची सायकल. कॅमेरा घ्यायचा विचार सध्या नाही. मोबाइलवर खाडीचे फोटो पांढरट, धुरकट येतात. धूसर हवेमुळे असेल म्हणावं तर पावसाळ्यातही तसंच. काय करू?


पाणथळ

मधुराताई, आधी लेन्स पुसून बघा. सायकल चालवताना मोबाइल खिशात घामाने ओला होतो, हाताचं तेल लागतं, आणि सूर्याच्या बाजूला फोटो काढला की सगळ्यावर दुधाळ पडदा येतो. चष्मा पुसायचं कापड हँडलच्या पिशवीत ठेवा आणि दर थांब्याला पुसा.

तरी तसंच आलं तर बोट पडद्यावर दाबून धरा, फोकस आणि उजेड तिथेच पक्का होतो. मग बोट खाली सरकवून उजेड थोडा कमी करा. पाणी आणि आकाश मोठं असलेल्या फोटोत मोबाइल अंदाज चुकवतो. पांढऱ्या बगळ्यांच्या बाबतीत तर हमखास. बगळा पांढरा फटक होऊन पिसं नाहीशी होतात. उजेड कमी ठेवला तर पिसांच्या कडा वेगळ्या दिसतात.

आणि मोबाइलने लांबच्या थव्यामागे लागू नका. जवळचं बघा. ओहोटीला तिवरांच्या बुडाशी चिखलातून पेन्सिलीएवढी श्वासमुळं वर आलेली असतात, शेकडो. त्यांच्यामध्ये निवटी हा चिखलातला मासा सरपटत असतो, डोळे डोक्याच्या वर बाहेर आलेले, आणि थांबला की कल्ले फुगवून बसतो. एक नांगी भलीमोठी असलेले छोटे खेकडे ती नांगी वर-खाली हलवत असतात. ते नर. आपण हललो की सगळे एका क्षणात बिळात जातात. पण मोबाइल बांधाच्या कडेला खाली धरून दोन-तीन मिनिटं अजिबात न हलता राहिलं की एकेक बाहेर येतो. आमच्या खाडीचा खरा चेहरा मला तिथे दिसतो.


चेंदणीकर

आम्ही चेंदणी कोळीवाड्यातले. आजोबा खाडीत जायचे. पाण्याची वेळ काढायला त्यांना मोबाइल लागत नव्हता, तिथी पुरायची. तिथीला पाऊणने गुणा, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावस्येला बाराच्या जवळपास. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी आणि मधली ओहोटी सव्वासहा तासांनी.

हा अंदाज मुंबई बंदराचा धरा. खाडीत जितकं वर याल तितकं पाणी उशिरा चढतं. नेरूळला थोडा फरक, ठाण्याच्या टोकाला जास्त.


पाणथळ

चेंदणीकर काका, हे धाग्यातलं सगळ्यात उपयोगी आहे. म्हणजे एकादशीला सव्वाआठ. सकाळचं ऊन कोवळं, सूर्य पाठीशी आणि पाणी भरलेलं. रविवारी एकादशी आली की सीवूडला जायचंच, असं मी धरून चालतो.


चेंदणीकर

वेळ बरोबर, पण पाणी पुरणार नाही. अष्टमी ते दशमी भांगाचे दिवस. पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. एकादशीला नुकतं वाढायला लागलेलं असतं. चिखलाचा बराच भाग उघडाच राहतो, मग पक्षी तळ्याकडे यायची गरज काय? उधाण पौर्णिमा-अमावस्येला आणि पुढचे एक-दोन दिवस. तेव्हा सगळं बुडतं. पण तेव्हा भरती ऐन दुपारी, आणि दुपारच्या उन्हात तुमचा फोटो काय येणार ते तुम्हीच सांगा.


पाणथळ

हा मुद्दा एकदम पटला. मग मधली वाट द्वादशी-त्रयोदशी. द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा. पाणी बऱ्यापैकी वाढलेलं. जानेवारी-फेब्रुवारीत सूर्योदयच सातच्या पुढे होतो, त्यामुळे नऊलाही ऊन तिरकं नि मऊ असतं. एप्रिल-मेमध्ये हा हिशोब चालणार नाही, नऊ वाजता ऊन डोक्यावर आलेलं असतं. तेव्हा संध्याकाळ घ्यावी.


चेंदणीकर

संध्याकाळ घ्यायची तर तृतीया-चतुर्थी. सव्वादोन-तीनला भरून पाणी उतरायला लागतं, पाचनंतर चिखल दिसतो, आणि पक्षी तळ्यातून परत खाडीकडे निघतात. उडणारा थवा बघायचा तर ती वेळ. त्यांना हुसकवायची गरज नाही.


राईड_आणि_फ्रेम (घणसोली)

शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरांत लिहायला हवं. थवा उडावा म्हणून टाळ्या वाजवणारे, खडे मारणारे लोक मी पाहिले आहेत. फार संताप होतो. पक्ष्यांना खायला मिळणारा वेळ आपण त्यातून काढून घेतो. लहान रोहित पाण्यातलं सूक्ष्म शैवाल गाळून खातो, त्याला तासन्‌तास चोच पाण्यात ठेवावी लागते.

पक्षी अस्वस्थ झालेत हे ओळखता येतं. आधी माना वर होतात, खाणं थांबतं. मग सगळे एकाच दिशेला चालू लागतात. आपण तिथेच थांबलो, मागे सरकलो, तर पुन्हा माना खाली जातात. पुढे गेलो तर पळत सुटून उडतात. माना वर झाल्या की फोटो विसरून दोन पावलं मागे यायचं, हा नियम मी पाळते.

उडताना टिपायचं असेल तर हे पाण्यावर धावत जाऊन उडतात, एकदम उठत नाहीत. धावायला सुरुवात झाली की एखाद-दोन सेकंद मिळतात. शटर १/१६०० सेकंद किंवा त्याहून वेगवान, सलग फोटोंचं बटण चालू, फोकस सतत बदलत राहील असा. थव्याच्या पुढे मोकळी जागा सोडा.


सुहास_ऐरोली

ड्रोनने वरून थवा घेतलेले फोटो बघतो, अप्रतिम दिसतात. खाडीवर चालतं का?


राईड_आणि_फ्रेम

सुहास, अभयारण्यात परवानगीशिवाय ड्रोन चालत नाही. बाहेरच्या तळ्यांवरही मी नकोच म्हणेन. वरून येणारा आवाज आणि सावली त्यांना शिकारी पक्ष्यासारखी वाटते, अख्खा थवा उठतो. तुम्ही ऐरोलीलाच राहता तर किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीची फेरी घ्या. तीही भरतीच्या वेळेवरच सुटते. सायकल बाहेर लावून दोन तास खाडीत. कॅमेरा पाण्याच्या पातळीला येतो, तसा कोन काठावरून कधीच मिळत नाही.


येऊरची_चढण

ठाणेकरांच्या वतीने येऊर.

उपवनपासून सुरुवात करा. तलावाच्या पूर्वेच्या बाजूला उभे राहा, समोर पश्चिमेला डोंगर. सकाळी पहिलं ऊन डोंगराच्या आपल्याकडच्या अंगावर पडतं आणि पाण्यात त्याचं प्रतिबिंब येतं. वारा सुटायच्या आत पोचायला हवं, नंतर पाणी डहुळतं. दुपार सरली की सूर्य डोंगरामागे जातो आणि हा उतार लवकर सावलीत येतो. झाडीत फोटो काढायचे तर ती सावली बरी, कारण पानांवर ऊन-सावलीचे ठिपके पडत नाहीत. म्हणून सकाळी तलाव आणि दुपारनंतर जंगल असा माझा क्रम असतो.

वर येऊर गावाकडे जाणारा रस्ता संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतला आहे. फाटकावर नोंद करा, अंधारात जाऊ नका. बिबट्यांचा वावर आहे, आणि पहाटे-संध्याकाळ त्यांची वेळ असते. वर वायुदलाचं केंद्र आहे, त्या बाजूला कॅमेरा काढूच नका.

पहिल्या पावसानंतर नवरंग ऐकू येतो. दोन सुरांची शिटी, सकाळ-संध्याकाळ. दिसत मात्र नाही, पाचोळ्यात जमिनीवर असतो. हळद्या आणि राखी धनेश त्यामानाने सहज दिसतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उतारांवर तेरडा फुलतो, गुलाबी गालिचेच्या गालिचे. कारवी मात्र सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. ज्या वर्षी फुलेल त्या वर्षी बाकी सगळं बाजूला ठेवून जा.

पावसाळ्यात ओल्या पानांवर आकाशाची पांढरी चकाकी येते. पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, लेन्सला लावून हळूहळू फिरवला की ती जाते आणि हिरवा रंग गडद दिसतो. प्रकाश दीड-दोन स्टॉप कमी होतो (एक स्टॉप म्हणजे निम्मा), म्हणून हात हलू देऊ नका. ढगाळ दिवशी फोटोत आकाश घेऊच नका, पांढरं भगदाड दिसतं.


मधुरा_कोलशेत

येऊरला एकटीने जाणं कितपत ठीक? आणि कोलशेतहून घोडबंदर रोड पकडून गायमुख-नागला बंदरच्या बाजूला खाडी बघायची खूप इच्छा आहे, पण त्या रस्त्याची भीती वाटते.


येऊरची_चढण

मधुरा, भीती रास्तच आहे. घोडबंदर रोडवर अवजड वाहनं आणि कामं कायम चालू असतात. रविवारी उजाडताच निघून आठच्या आत परत फिरायचं, मागे लाल दिवा लावायचा, भडक रंगाचा शर्ट घालायचा. आणि फोटोसाठी कधीही अचानक ब्रेक मारायचा नाही. आधी कडेला पूर्ण उतरायचं, सायकल बॅरिकेडच्या आत घ्यायची, मग कॅमेरा. गायमुखला खाडी रुंद आहे, पलीकडे वसईच्या बाजूचे डोंगर. जाण्यासारखी जागा आहे यात वाद नाही.

येऊरला गटाबरोबर वरपर्यंत जा आणि मग आपल्या गतीने मागे राहा, पण सोबत कोणी तरी एक असू दे. फोटो काढताना लक्ष सगळं पडद्यावर असतं, मागे काय चाललंय कळत नाही. पुरुषांनाही मी हेच सांगतो.

वाटेत ओवळ्याला ओवळेकर वाडी आहे. फुलपाखरांसाठी जपलेली बाग. ऑक्टोबरात नीलवंत हमखास दिसतो, आपलं राज्य फुलपाखरू. महाराष्ट्राने २०१५ मध्ये तो मान दिला, असं करणारं देशातलं पहिलं राज्य. फुलपाखरं सकाळी पंख उघडून ऊन खात बसतात, तेव्हा मोबाइलनेही जवळून घेता येतात. ऊन वाढलं की थांबत नाहीत.


पामबीच_पहाट

पामबीचवरही तीच काळजी घ्या. रस्ता सरळ, मोकळा, त्यामुळे गाड्या सुसाट असतात. मी मुख्य रस्त्यावरून थेट सिग्नलपर्यंत जातो आणि तिथून आतल्या सेक्टरमधून खाडीच्या वाटेला लागतो. रस्त्याच्या कडेला उभं राहून फोटो काढणं मी बंद केलं आहे.

प्रश्न : कॅमेरा नेता कसा? कॅरिअरला बांधला तर खड्ड्यात आपटतो.


पाणथळ

कॅरिअर नकोच. मागच्या चाकाचा प्रत्येक धक्का थेट कॅमेऱ्याला बसतो, लेन्सचे बारीक स्क्रू ढिले होतात. सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे आपलं अंग, कारण हात-पाय-कंबर धक्का खातात आणि पिशवीपर्यंत तो पोचत नाही. आडवी अडकवायची छोटी पिशवी, कंबरेला दुसरा पट्टा, म्हणजे पुढे घसरत नाही. थांबल्यावर पिशवी फिरवून पोटावर घेतली की पाच सेकंदांत कॅमेरा हातात येतो. पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवला तर काढायचा कंटाळा येतो आणि फोटो राहून जातो. हँडलची पिशवी चालेल, पण आत जाड फोम हवा.

मोबाइल हँडलला लावून नकाशा बघणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. चांगल्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात लेन्स स्थिर ठेवणारी बारीक यंत्रणा असते. मोटरसायकलच्या थरथरीने ती बिघडू शकते असं ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच जाहीर केलं. सायकलला इंजिन नाही, पण पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर तासभर थरथर होतेच. मी मोबाइल खिशात ठेवतो आणि वळणावर थांबून बघतो.

ट्रायपॉड न्यायची गरज फारशी पडत नाही. सायकल स्टँडवर लावा, पुढचा ब्रेक दाबून त्याच्या मुठीला जाड रबर बँड गुंडाळा, म्हणजे चाक फिरत नाही. मग सीटवर नॅपकिनची जाड घडी ठेवून त्यावर कॅमेरा. दोन सेकंदांचा टायमर लावा. पहाटेच्या कमी उजेडात १/१५ सेकंदाच्या शटरपर्यंत स्वच्छ फोटो येतो. वारा असेल तर नाही.


गाढीकाठ (खारघर)

आमच्या बाजूचं सांगतो. खारघरला लोक पांडवकड्यासाठी येतात. १०७ मीटरचा धबधबा, पण पावसाळ्यात तिथे जायला बंदी असते आणि ती योग्यच आहे. तिथे माणसं वाहून गेली आहेत. लांबून, सेंट्रल पार्कच्या परिसरातूनही डोंगरावरून उतरणाऱ्या पांढऱ्या धारा दिसतात. मोठ्या लेन्सने घ्या, खालच्या इमारती फोटोत राहू द्या. इमारत असली की कड्याची उंची कळते.

मला मनापासून आवडतो तो पनवेल–नेरे–गाढेश्वर रस्ता. पनवेलची गर्दी सोडली की दोन्ही बाजूंना भातखाचरं, बाजूने गाढी नदी, समोर माथेरानचा डोंगर, उजव्या हाताला प्रबळगड. चढ जवळपास नाही, साधी सायकल पुरते. इथे पाणथळ यांचा नियम उलटा लागतो. डोंगर पूर्वेला आहेत, सकाळी सूर्य त्यांच्या मागून येतो आणि कडे काळे दिसतात. त्यांच्यावर ऊन दुपारी तीननंतर पडतं. म्हणून मी सकाळी खाचरं आणि नदी घेतो आणि डोंगरासाठी ऑक्टोबरातली दुपार निवडतो. तेव्हा भात पिवळं झालेलं असतं, आकाश धुतलेलं असतं, आणि कड्यांच्या घड्या एकेक मोजता येतात.

जुलैत लावणीचे दिवस. बायका वाकून रोपं लावत असतात, पाठीवर इरलं किंवा प्लास्टिकचा कागद. खूप जण बांधावर चढून सरळ कॅमेरे रोखतात. ते मला पटत नाही. आधी सायकल उभी करा, रामराम करा, चार शब्द बोला, फोटो काढू का विचारा. नाही म्हणाल्या तर निघा. पाण्याने भरलेलं खाचर, त्यात उलटा दिसणारा डोंगर, एवढं कोणाचीही परवानगी न घेता मिळतं. बांधावरून सायकल मात्र घालू नका. ओला बांध चाकाने फुटतो आणि पाणी पुढच्या खाचरात जातं. ते बुजवायला त्यांचा दिवस मोडतो.

फेब्रुवारीत याच रस्त्याला काटेसावर आणि पळस फुलतात. पानं झडलेली, नुसती लाल-केशरी झाडं. मैना, कोतवाल, सूर्यपक्षी मधासाठी भांडत असतात. सूर्य फुलाच्या मागे येईल असं उभं राहा. सावरीची पाकळी जाड असते, तरी उन्हाने आतून उजळते.


राईड_आणि_फ्रेम

गाढीकाठ, काय सुंदर लिहिलंत. एक विनंती सगळ्यांना. फुलाचं झाड, डोंगर, रस्ता यांची जागा जरूर सांगा. पण घरट्याची जागा लिहू नका, आणि फोटो टाकताना त्यातलं ठिकाण काढून टाका. एकाने सांगितलं की पुढच्या रविवारी तिथे दहा जण उभे असतात आणि पक्षी घरटं सोडतो.


सुहास_ऐरोली

राईड, इथे मी थोडा वेगळा विचार करतो. पाणथळ जागा लोकांना माहीतच नसतील तर त्या बुजवल्या जाताना कोण बोलणार? फोटो आणि ठिकाण दोन्ही लोकांपर्यंत पोचलं म्हणून तर सीवूडच्या तळ्यांसाठी माणसं रस्त्यावर उतरली.


राईड_आणि_फ्रेम

तुमचं म्हणणं खरं आहे, सुहास. तळ्याचं नाव ओरडून सांगू या. तळ्याच्या कुठल्या कोपऱ्यात, कुठल्या झुडपात अंडी आहेत ते नको, एवढंच म्हणते.


सुहास_ऐरोली

हे मान्य.


पामबीच_पहाट

पावसात कॅमेरा सांभाळायचं कोणी लिहिलं नाही. माझ्या एका लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी पसरलंय.


येऊरची_चढण

ती बुरशी आहे. लवकर दुरुस्तीला द्या. वाढली की काचेवरचा लेप खाते आणि मग जात नाही. ती लेन्स बाकीच्यांपासून वेगळी ठेवा.

पुढे काळजी अशी घ्या. घरी आलं की ओली पिशवी तशीच बंद ठेवायची नाही. सगळं बाहेर काढून पंख्याखाली वाळवायचं. मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवायचं, आत आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ. काटा ४० ते ५०च्या आसपास असावा. जेलचा रंग बदलला की गरम करून पुन्हा वापरता येतं. कॅमेरा वापरत राहणं हा सर्वांत चांगला उपाय, कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी आधी धरते.

आणखी एक. एसीच्या खोलीतून थेट बाहेरच्या दमट हवेत काढला तर काचेवर दव धरतं आणि अर्धा तास फोटो धुरकट येतात. आदल्या रात्री पिशवी बिनएसीच्या खोलीत ठेवा. खाडीवर खारी हवा असते, घरी आल्यावर कॅमेरा किंचित ओल्या कापडाने पुसून मग कोरड्याने पुसा. सायकलची चेनही पुसून तेल द्या, खाडीच्या वाऱ्याने दोन दिवसांत तांबेरते.


मधुरा_कोलशेत

एवढं वाचून आता नेमकं विचारते. मला रविवारचीच सुट्टी असते. येत्या फेब्रुवारीत एक रविवार फक्त खाडीला द्यायचा आहे. कोलशेतहून नेरूळ मला सायकलने लांब पडेल. कसं करू? आणि रविवार आणि द्वादशी जुळलीच नाही तर?


पाणथळ

मधुराताई, पहिलं तिथी. दिनदर्शिकेत फेब्रुवारीचे चारही रविवार बघा. द्वादशी-त्रयोदशी जुळली तर सकाळी सीवूड. तृतीया-चतुर्थी असेल तर दुपारी तीनला पोचा आणि सूर्यास्तापर्यंत थांबा. षष्ठी-सप्तमी आली तर भरती साडेचार-सव्वापाचला, पाणी फार नसेल, पण ऊन सुरेख असतं. अष्टमी ते दशमीमधला रविवार असेल तर खाडीऐवजी येऊर किंवा गाढेश्वरला द्या. तिथीच्या हिशोबाने अंदाज बांधा आणि आदल्या दिवशी भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून वेळ पक्की करा. तक्ता मुंबई बंदराचा असेल तर चेंदणीकर काकांनी सांगितलेला उशीर त्यात धरा.

अंतर फार वाटत असेल तर सगळं नेरूळपर्यंत येऊच नका. ऐरोलीपर्यंत या. तिथल्या काठावरही सूर्य पाठीशीच असतो, आणि तिवरांमधल्या निवट्या-खेकड्यांसाठी ओहोटी चालते. म्हणजे ज्या रविवारी सकाळी भरती नाही तो ऐरोलीचा.


चेंदणीकर

त्यात एक भर. ओहोटीला जाणार असाल तर चिखलात पाय घालू नका. वरून कडक दिसतो, आत मांडीपर्यंत जातो. बांधावरूनच बघा. आणि पौर्णिमेच्या आसपास दुपारी बांधावर सायकल ठेवून लांब जाऊ नका, पाणी बांधाच्या बुडाशी लागतं.

ठाण्याच्या बाजूने यायचं असेल आणि कोणी सोबत हवं असेल तर इथे रविवार लिहा. मी सायकल चालवत नाही, पण पाण्याची वेळ काढून देईन.


मधुरा_कोलशेत

दिनदर्शिका घेऊन बसलेच आहे. तारीख ठरली की इथेच टाकते. गाढीकाठ, सावरीसाठी तुमचा रस्ताही त्याच महिन्यात करायचा आहे. नेऱ्याहून पुढे पाणी-चहा कुठे मिळतो?


गाढीकाठ

नेरे नाक्यावर टपऱ्या आहेत, सकाळी वडापाव-चहा मिळतो. त्यापुढे भरवसा धरू नका, दोन बाटल्या भरून घ्या. पंक्चरचं दुकानही नेऱ्यापर्यंतच. एक जादा ट्यूब आणि पंप सोबत असू दे. निघायच्या आधी कळवा, सावर फुललीय की अजून कळ्याच आहेत ते मी आदल्या शनिवारी बघून सांगतो.